माहूर गाडीची पाटी

३० मे, गुरुवार. संध्याकाळ.

उद्या आमच्या ह्यांची, मालकांची, एसटीत ड्रायव्हर म्हणून शेवटची ड्युटी. त्यांच्या लोहा-माहूर गाडीसारखी वीतभर पुठ्ठ्याची बस मी आन् सुनेनं चोरून केली. काचा झ्याक बसल्या, पण पाटीनं जीव खाल्ला. पारदर्शक फिल्मवर छापली तर लाल रंग आला आन् पांढरी अक्षरं गायब! अक्षरांतून माझंच बोट दिसायलं. मी प्रिंटरवर खेकसले.

सून म्हणली, "आत्या, त्याच्यात पांढरी शाई नसतीच. पांढरं म्हणजे कोरं सोडतंय ते."

कोरी पाटी देऊ का त्यांना? सारी हयात त्या पाटीमागं बसले की.

मग सुचलं. मालकांच्या चंचीतला चुना काढला आन् फिल्मच्या मागून पातळ फासला. वाळला तसं 'माहूर' असं लख्ख उठलं, की सून टाळ्या पिटायली! पाटी लावली, बस कपाटात दडवली.

तेवढ्यात मालक आले. तळहातावर तंबाखू, चंची झटकून बघायले.

"चुना कुठं गेला गं?"

"माहूरला."

सून तोंडात पदर कोंबून आत पळाली. मालक बिनचुन्याची तंबाखू मळत बसलेत अजून. बसू दे. उद्या पाटी वाचतील.