इंटरनेटची डबी

क्वालालंपूर, रविवार

प्रिय लिगाया,

मॅडमने घरातलं इंटरनेट मला बंद केलं, म्हणून हे पत्र. मी बरी आहे, पोटभर जेवते.

बाजारात हातात मावणारी इंटरनेटची स्वस्त डबी पाहिली. बॅटरी चारच तास टिकते, पण आईबरोबर फोनवर रोज जपमाळेची प्रार्थना म्हणायला पुरे. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो आणि तो मॅडमच्या कपाटात. मागितला, तर मॅडम म्हणाल्या (इथे कामवालीला आँटीच म्हणतात):

"आँटी, पळून जायचा बेत आहे का?"

"असता तर तुम्हाला विचारलं असतं?"

तासाभरासाठी दिला. डबी घेऊन आले, तर दारातच मॅडमचा हात पुढे. "डबी आणि फोनही माझ्याकडे. दर रविवारी मिळतील."

रोजची जपमाळ तुम्ही दोघी म्हणा. आईचा खोकला थांबला का?

तुझी ताई,
रेमेडिओस

आज मॅडमकडे दिलं: पासपोर्ट, फोन, डबी.