पान एक्केचाळीसवरची म्हातारी

तीर्थस्वरूप दादास, धाकटीचा नमस्कार. तुझी प्रकृती बरी असेलच. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहिते, पण गेल्या महिन्यातल्या एका रविवारपासून माझे हातपाय गार पडले आहेत, हे न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्या अवकाशयानाच्या कादंबरीवर टीव्हीवर मालिका सुरू झाली आहे. (तीच, जी मला आठवीत बक्षीस मिळाली आणि जी मी महिनाभर रोज संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवली. घरात वाचता येणारी तेव्हा मी एकटीच. तू रात्रशाळेत गेलास ते नंतर.) त्यात यान दुरुस्त करणारी एक म्हातारी आहे. पान एक्केचाळीसवर हवा सगळ्यांना पुरेनाशी होते, तेव्हा ती गुपचूप दार उघडून बाहेर निघून जाते आणि मरते. मी त्या पानावर आले त्या दिवशी आजी दवाखान्यात होती. आईचा चेहरा पाहिला आणि म्हातारीला मी दारातून परत आणलं. आजी त्याच आठवड्यात गेली. म्हातारी मात्र आमच्याकडे राहिली. आता राहिली म्हटल्यावर पुढची एकशे साठ पानं तिला काम देणं भाग होतं. तिने यान तीनदा दुरुस्त केलं, दोन भांडणं मिटवली आणि शेवटी कप्तानाचं लग्न जमवलं. (कप्तान पुस्तकात यंत्र आहे. हे मला पान नव्वदला कळलं, तोवर मुलगी बघून झाली होती.)

त्या रविवारी आमच्या खोलीत चौदा माणसं होती. म्हातारी दहा मिनिटांत मेली. मग आई उठली आणि तिने टीव्हीच बंद केला. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "त्या नटीचं मालिकावाल्यांशी वाजलं असणार, दुसरं काय!" आपली काकू म्हणाली, "आणि कप्तानाचा पत्र्याचा डबा केलाय मेल्यांनी! याला मुलगी कोण देणार?" बाबांनी कपाटातून पुस्तक काढलं, फडक्याने पुसलं आणि मला म्हणाले, "लिही."

मी लिहिलं, दादा. मूळ कादंबरीशी केलेल्या बेइमानीचा तीव्र निषेध, माझ्याच वळणदार अक्षरात, खाली गल्लीतले धरून एकोणीस अंगठे (शिंपीकाकांनी दोनदा उठवला). टीव्हीच्या ऑफिसातून उत्तर आलं की आम्ही पुस्तकाबाहेर गेलेलो नाही, पान एक्केचाळीस पाहावे. बाबा म्हणाले, वाच. माझ्या तोंडून बाहेर पडलं की तिथल्या साहेबांना फार वाईट वाटलं आहे आणि त्यांनी भेटायला बोलावलं आहे. (बोलावण्याचं कुठून सुचलं, देव जाणे.)

आता बाबा पुस्तक घेऊन त्या साहेबांना भेटायला निघणार आहेत. या घरात नोटीस असो की औषधाची बाटली, सगळं माझ्या तोंडून आत येतं. आईला रक्तदाबाची गोळी कोणती ते मी सांगते. (त्यात कधीच बदल केलेला नाही, शपथेवर सांगते.) हे उघड झालं तर ती माझ्या हातची गोळी तरी घेईल का?

तुझी,
धाकटी

ता. क. – बाबा सोमवारी सकाळच्या गाडीने तुझ्याच शहरात उतरताहेत. त्यांना स्टेशनवरच गाठ आणि ते साहेब बदलून गेले असं सांग. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील, कारण तू मोठा अधिकारी आहेस.

ता. क. २ – हे तुला माहीत नसणार. न विचारता केलेल्या लग्नाचं तुझं पत्र आलं तेव्हा काकू तापाने फणफणली होती, म्हणून मी ते 'बढती मिळाली' असं वाचलं. मुलगी झाल्याचं आलं तेव्हा पुन्हा बढती. काकू सध्या तुझ्या पदाला शोभेल अशी मुलगी बघते आहे. साहेबांना पान वाचून दाखवायला बाबांनी दवाखान्यातले कंपाउंडर सोबत घेतले आहेत, तेव्हा वहिनींची माझ्या वतीने क्षमा माग आणि दारावरची तुम्हा दोघांच्या नावांची पाटी तेवढी उतरवून ठेव.