बारा जणांची होडी

४ मे
मी बनवलेला गेम लाइव्ह! बारा खेळाडूंनी एकदम दोर ओढून होडी किनाऱ्यावर घ्यायची. बारा जमल्याशिवाय मॅच सुरूच होत नाही. दांडी गावच्या किनाऱ्यावर पावसाआधी होड्या अशाच ओढतात, मी चहा पिता पिता पाहिलंय. सुगंधाची अट: आधी एक मॅच पूर्ण होऊ दे, मग कंपनीत राजीनामा दे. एकच? बायकोचा विश्वास कमी, दुसरं काय.

५ मे
गेमच्या लॉबीत बाकीच्यांची वाट बघत मी एकटा. नवीन सर्व्हर आहे, वेळ लागणारच.

९ मे
तिघं आले, वाट बघून गेले. लोकांना पेशन्स नाही. आमच्या प्लांटमधला कुंदन म्हणतो, चौघांवर मॅच सुरू कर, नाहीतर कॉम्प्युटरची खोटी माणसं भर. पाच मिनिटांचं काम होतं. पण तत्त्व म्हणून नाही.

१४ मे
कंपनीतल्या दहा जणांनी गेम घेतला! पण कोणी ए शिफ्टला, कोणी बी, कोणी सी. सगळ्यांना एकच शिफ्ट लावा, असं सुपरवायझरना सुचवलं. त्यांनी माझीच बदलली.

१८ मे
दांडीच्या रूपेशला गेम दाखवला. त्याची स्वतःची होडी आहे, म्हणून एक्स्पर्ट ओपिनियन. म्हणाला, "होडी वढायची हौस कोनाला नाय. मानसं नंतरच्या जेवनाला येतात." गेमिंगमधलं काही कळत नाही त्याला.

१९ मे
मला एक भन्नाट कल्पना सुचली. जेवण! रविवारी प्लांट मेंटेनन्सला बंद आहे. सगळे बोईसरला आमच्या घरी. सुगंधाने विचारलं, कल्पना कोणाची. माझीच.

२४ मे, दुपारी १
रूपेश आणि मी धरून पूर्ण बारा! आधी मॅच, मग मटण, असं जाहीर केलं. कोणी ऐकलं नाही.

दुपारी ३
लॉबीत अकरा. कुंदन जेवून आडवा झालाय, हलवूनही उठत नाही. त्याचाच अंगठा लावून त्याचा फोन उघडला. पण दोन फोनवर मीच ओढायचं म्हणजे खोटं माणूसच झालं. तत्त्व.

दुपारी ४
पाहुण्यांनी आमच्या वाय-फायवर तो बंदुकांचा गेम लावलाय. रूपेशच्या टीमला एक जण कमी पडत होता. अभ्यास म्हणून बसलो.

संध्याकाळी ७
मघाशी सुगंधा येऊन विचारत होती, तुझ्या होडीचं काय झालं. मी म्हणालो, "आत्ता नको गं, मॅच चालू आहे." ती स्वयंपाकघरात गेली. उद्याच्या शिफ्टसाठी माझा डबा तिने घासून पालथा घातलाय.