बुडबुडा कुठून येतोय

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण घरात काहीतरी शिजतंय. पोरगी जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवते. पालथा का? ज्याच्या मनात काही नाही तो माणूस फोन उताणा ठेवतो. दर दोन घासांनी उचलून बघते, चेहरा पाडते, पुन्हा पालथा. कॉलेजचं दुसरं वर्ष. पूर्वी घरात पाऊल टाकल्यापासून तोंडाची टकळी चालू असायची. आता काहीही विचारलं की 'काही नाही बाबा'.

बायकोचं म्हणणं, सरळ तिलाच विचारा. बायको भोळी आहे. मी नळांच्या कारखान्यात गळती तपासतो. बंद नळात हवा सोडायची, नळ पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि पापणी न हलवता बघत बसायचं. बुडबुडा आला की माल रिजेक्ट. नळाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू गळतोस का?

प्राथमिक निष्कर्ष: मुलगा आहे.

५ जून, बुधवार
मोबाईलमुळे तरुणांच्या मनाचं काय होतं यावर एका डॉक्टरांचा व्हिडिओ पाहिला. झोप उडते, भूक मरते, माणूस एकलकोंडा होतो. सगळं जुळलं. मग त्याच्याखालचा पाहिला. मग त्याच्याखालचा. भात करपला. बायकोने माझ्या भरवशावर ठेवला होता. फार चिडली. चिडचिड हेसुद्धा लक्षण आहे. हिच्याही फोनवर नजर ठेवायला हवी.

८ जून, शनिवार
पोरीचा फोन बोटाने उघडतो. ती झोपेत असताना बोट टेकवता आलं असतं, पण मी त्यातला बाप नाही. शिवाय ती आतून कडी लावते.

नवी योजना. ती गल्लीतल्या मांजरांचे फोटो टाकते, ते कुणालाही दिसतात. मी तिथे खातं उघडलं. नाव 'मनीमाऊ', वय एकोणीस, आवड मांजरं. (मला मांजर दिसलं की शिंका येतात. फोनवर येत नाहीत.) पहिला निरोप: 'सप्रेम नमस्कार, आपण काढलेले मार्जाराचे छायाचित्र फार आवडले.' उत्तर नाही.

हल्ली मुली एकमेकींना काय लिहितात, असं पॅकिंगमधल्या मुलीला सहज विचारलं. ती खुर्ची उचलून लांब जाऊन बसली. लोक उगाच संशय घेतात.

९ जून, रविवार
'भारीये गं!' एवढंच लिहिलं. मासा गळाला लागला.

१३ जून, गुरुवार
रोज गप्पा. मांजरं, लेक्चर, केसांना काय लावावं. (यावर बराच अभ्यास करावा लागला.) आज खडा टाकून पाहिला, कुणी खास आहे का गं? नाही म्हणाली. लबाड.

कामावर नळ टाकीत, फोन मांडीवर. सुपरवायझर मागे येऊन उभे. म्हणाले, टाकी उकळल्यासारखी दिसतेय आणि तुम्ही नळ पास करताय. मी म्हटलं, घरी मुलीच्या मोबाईलचा गंभीर प्रश्न आहे. ते म्हणाले, मोबाईलचा आहे हे दिसतंच आहे. टोमणा असावा.

उद्यापासून कामावर फोन लॉकरमध्ये. ठरलं म्हणजे ठरलं.

१४ जून, शुक्रवार
लॉकर फार लांब आहे.

१६ जून, रविवार
बुडबुडा सापडला. मुलगा नाही. कुणीच नाही.

तिच्या मैत्रिणींनी तिला न सांगता नवा ग्रुप काढला. भांडण नाही, तंटा नाही. तिला जुन्या ग्रुपमधून काढलंही नाही, फक्त तिथे आता कुणी बोलत नाही. त्यांच्या सहलीचे फोटो तिला दुसऱ्याच कुणाकडे दिसले. जुन्या ग्रुपमध्ये कुणी काही लिहिलंय का, हे बघायला ती सारखा फोन उचलते. काही नसतं, म्हणून पालथा ठेवते. कँटीनमध्ये एकटी बसलेली दिसू नये म्हणून डबा जिन्यात खाते. हे सगळं तिने मनीमाऊला सांगितलं.

वाचून कसंतरीच झालं. माझी पोरगी जिन्यात बसून जेवते आणि मी मुलगा शोधत होतो. तरी एक नोंद केलीच पाहिजे, की तपास यशस्वी झाला.

डोळे का लाल, बायकोने विचारलं. स्क्रीनमुळे, म्हटलं.

१९ जून, बुधवार
मनीमाऊ तिला धीर देते. काय छान बोलते! मी समोरासमोर इतकं छान कधी बोलल्याचं आठवत नाही. आज जेवताना पोरगी फोन बघून चक्क हसली. कोण गं, विचारलं. काही नाही बाबा, म्हणाली.

मला राग आला. मनीमाऊला सगळं आणि जन्मदात्या बापाला काही नाही? ही मनीमाऊ जरा जास्तच जवळ येतेय. तिचा नेमका हेतू काय, तपासायला हवं.

२१ जून, शुक्रवार
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता उठा आणि तिच्या खोलीत जा. मी म्हटलं, अशी घाई उपयोगाची नाही. मनीमाऊ हळूहळू तिला बापाकडे वळवेल आणि मग शिक्षणासाठी परदेशी निघून जाईल. बायकोने कपाळावर हात मारला. तिला पद्धतशीर कामाची सवय नाही.

२३ जून, रविवार, सकाळ
मनीमाऊने लिहिलं, हे सगळं तुझ्या बाबांना सांग ना. उत्तर आलं, त्यांना कुठे वेळ आहे, ते सारखे फोनमध्ये असतात. धादांत खोटं. असे गैरसमज वेळीच खोडून काढले पाहिजेत. मनीमाऊकडून मोठा निरोप लिहायला बसतो आहे.

त्याच दिवशी, दुपार
निरोप लिहीत होतो. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, बाबा, वेळ आहे का विचारलं. ऐन वाक्याच्या मध्यात होतो. मान वर न करता म्हटलं, थांब जरा, महत्त्वाचं काम आहे. वाक्य सुरेख जमलं: 'एकदा जाऊन तर बघ, हातातलं सगळं टाकून ते तुझं ऐकतील.' पाठवलं.

उत्तर आलं, आत्ताच गेले होते. थांब म्हणाले.

वर पाहिलं तर दारात कुणी नव्हतं.

उठलो. तिच्या खोलीपर्यंत गेलो. दार लावलेलं. वाजवायला हात उचलला, तेवढ्यात दुसऱ्या हातातला फोन थरथरला. तिने लिहिलं होतं, जाऊ दे गं, तू आहेस ना.

तिच्या दारात उभ्या उभ्या मी लिहिलं, हो गं, आहे ना.