सात मिलिमीटर

३ मे, शनिवार. सकाळी ७.१०

सलोनीने काल जेवताना जाहीर केलं की तिने सॅन डिएगोच्या कॉलेजला होकार कळवला. आमच्या बॉथेलपासून विमानाने तीन तास. इथे घरापासून नऊ मिनिटांवर उत्तम कॉलेज आहे, तिथे आपल्या लोकांची मुलं शिकतात, पार्किंगही मिळतं. होकार म्हणजे एक बटण दाबलंय फक्त. बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत, कुठलंही बटण शेवटचं नसतं.

वसुधा म्हणाली, हातात एक उन्हाळा आहे, त्यात कॉलेजवरून वाद घालू नकोस, पोरीबरोबर वेळ घालव.

मी तेच ठरवलं होतं. सलोनी दोन वर्षांपासून सुहासिनीकाकूंबरोबर समुद्रात स्पिअरफिशिंगला जाते. पाठीला टाकी वगैरे नाही. एक श्वास घ्यायचा, बुडी मारायची, भाल्याने मासा टिपायचा, वर यायचं. काकू रिटायर्ड भूलतज्ज्ञ, वय अडुसष्ट, सोलापूरहून इकडे आल्या त्याला चाळीसवर वर्षं झाली. म्हणजे एक अठरा वर्षांची पोर आणि एक वयस्क बाई. लक्ष ठेवायला कोणी नाही.

संकल्प: या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरणार. पोहायला मला नागपूरपासून येतं.

४ मे, रविवार

सलोनीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू डोन्ट इव्हन लाइक शॉवर्स इन विंटर." आनंद झाला की ती इंग्लिशमध्ये जाते.

९ मे, शुक्रवार

वेटसूट आला. सात मिलिमीटर जाड, दोन भाग. खाली खांद्यापर्यंत येणारी विजार, वर टोपीसकट जाकीट. काकू म्हणाल्या होत्या, पाच मिलिमीटर पुरे. पण इथलं पाणी पन्नास फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम दहा सेल्सिअस. मी रिस्क घेत नाही.

मागवण्याआधी माप घेताना वसुधा म्हणाली होती, पोट आत घेऊ नकोस. मी घेतलं नव्हतं. मी मुळात तसाच उभा राहतो.

१० मे, शनिवार. दुपारी

ट्रायल. आतून सूट चिकट असतो, त्यामुळे अंगाला साबणाचं पाणी लावून घालायचा. विजार चाळीस मिनिटांत चढली. जाकीट डोक्यातून घातलं आणि मध्येच अडकलं. दोन्ही हात वर, तोंड आत, नाकावर रबर. हाका मारल्या. रबरातून आवाज बाहेर जात नाही, हा या सूटचा डिझाइन डिफेक्ट आहे.

वसुधाने आणि सलोनीने मिळून ओढलं. दोघी हसत होत्या. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

पूर्ण घातल्यावर आरशात बघितलं. भारदस्त दिसतो. वसुधा म्हणाली, "कारल्यासारखा." काय कळतं तिला.

१७ मे, शनिवार

बाथटबमध्ये अधिकृत टेस्ट. नळाचं गार पाणी, त्यात बर्फाच्या तीन पिशव्या. टेस्ट प्लॅन आधी टाइप करून घेतला होता. तेवीस मिनिटं बसलो. थंडी: शून्य. गळती: शून्य. बसलो म्हणजे तरंगलो. टबच्या तळाला पाठ काही लागली नाही, त्याची नोंद 'मायनर' म्हणून केली.

निष्कर्ष: सूट पास. मी पास. समुद्र म्हणजे मोठा टबच.

२४ मे, शनिवार

सुहासिनीकाकूंकडे ट्रेनिंग. त्यांच्या हॉलमध्ये गालिच्यावर झोपून श्वास धरायचा. सलोनी: तीन मिनिटं दहा सेकंद. काकू: दोन चाळीस. मी: बावीस सेकंद. शेजारी कोणीतरी गवत कापत होतं, एकाग्रता होत नव्हती.

काकूंनी एक नियम तीनदा सांगितला. एक खाली, एक वर. खाली गेलेला माणूस वर येताना बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. म्हणून वरच्याने पाण्यात तोंड घालून त्याच्यावर नजर ठेवायची. हलवायची नाही. वर आल्यावरही अर्धं मिनिट त्याच्या तोंडाकडे बघायचं.

मी म्हटलं, काकू, लक्ष ठेवणं हेच माझं प्रोफेशन आहे.

काकू म्हणाल्या, "गुरुदत्त, लक्ष ठेवणं वेगळं आणि काळजी करणं वेगळं."

मोठी माणसं असं काहीतरी बोलतात. मान डोलावली.

३१ मे, शनिवार

फेरीबोटीने व्हिडबी आयलंड. पहिला दिवस.

जाड सूट माणसाला वर ढकलतो म्हणून कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा बांधायचा. काकू म्हणाल्या, तुझ्या सूटला बारा वड्या लागतील. मी सहा बांधल्या. पहिल्याच दिवशी बुडायचं कशाला.

पाण्यात गेलो. थंडी खरोखर वाजली नाही, फक्त ओठ आणि कपाळ जागेवर नसल्यासारखं वाटलं. मग बुडी मारली. डोकं खाली गेलं, बाकीचा मी गेलो नाही. पाय हवेत मारत राहिलो. पुन्हा प्रयत्न. पुन्हा. सातव्यांदा उताणा झालो आणि मग पालथं होता येईना. एक सील आला, पाच फुटांवर थांबून बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता.

सलोनीने विचारलं, "बाबा, यू ओके?" मी अंगठा दाखवला. काकूंनी लगेच पोहत येऊन दंड धरला. पाण्यात अंगठ्याचा अर्थ 'ठीक' नसतो, 'वर चला' असतो म्हणे.

त्यानंतर माझ्याकडे लाल बोयाची जबाबदारी दिली. बोया धरून ठेवायचा. ही फार महत्त्वाची पोझिशन आहे, बोटींना आपण दिसतो. सलोनीने एक फ्लाउंडर मारला. बशीसारखा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. मी असताना मारला.

१ जून, रविवार

कालचं राहिलेलं लिहितो. पार्किंगमध्ये जाकीट निघेना. साबणाचं पाणी घरी राहिलं होतं (वसुधाने आठवण करून दिली होती, पण घाईत). डोकं आत, हात वर, वीस मिनिटं तसाच उभा होतो. शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या दोन अनोळखी माणसांनी एकेक बाही धरून ओढलं. कुत्रं भुंकत होतं. सलोनी गाडीत जाऊन बसली. तिला थंडी वाजत असणार.

आज मान वळत नाही. आत्मविश्वास मात्र वाढला आहे.

७ जून, शनिवार

आज अकरा वड्या. सहा फूट खाली गेलो! कान दुखला म्हणून परत आलो, पण गेलो. खाली सगळं हिरवं आणि शांत होतं. क्षणभर वाटलं, सलोनीला हेच आवडत असेल.

परत येताना फेरीवर विषय काढला. सहज काढला. म्हटलं, सॅन डिएगोचं पाणी उबदार, सपाट, मजा नाही. खरं डायव्हिंग इथेच. घरून कॉलेज, शनिवारी समुद्र, काकू आहेत, आता मीही तयार झालोय.

सलोनी खिडकीतून बघत म्हणाली, "बाबा, आय नो व्हाय यू आर डूइंग धिस."

मी विचारलं, काय म्हणायचंय?

"नथिंग. आय लाइक दॅट यू केम."

केम. भूतकाळ का वापरला कळलं नाही. तरी एकंदरीत विचार बदलण्याच्या मार्गावर आहे.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ५.३०

लिहितो, म्हणजे नंतर गोंधळ नको.

लिंगकॉड नावाच्या मोठ्या माशाचा सीझन उद्या संपतो. सलोनीला तो हवा होता. काकूंचा गुडघा सुजला होता, त्या किनाऱ्यावर थांबल्या. म्हणाल्या, आज नको, पुढच्या वर्षी मारशील. मी म्हटलं, काकू, वर मी आहे ना. सलोनी माझ्याकडे बघून म्हणाली, "फक्त माझ्याकडे बघायचं. ओके? बाकी काही करायचं नाही." मराठीत म्हणाली.

तीन बुड्या छान झाल्या. मी बघत होतो. चौथ्यांदा ती खडकाच्या कडेने खाली गेली आणि खालचं पाणी गढूळ होतं. मी मोजायला लागलो. वीस. तीस. तिच्या पायांतले फिन्स दिसेनात. चाळीस. ती दीड मिनिट खाली राहते हे मला माहीत आहे. तरी पंचेचाळीसला मी तिला आणायला बुडी मारली. गेलो नाही. घाबरून इतका श्वास भरला होता की अकरा वड्या असूनही सूटने वर फेकलं. पुन्हा मारली. पुन्हा वर. खाली माझी मुलगी आणि मी पाण्यावर बाटलीच्या बुचासारखा. मग गळ्यातली शिट्टी फुंकायला लागलो. किनाऱ्याकडे तोंड करून, काकूंनी यावं म्हणून. फुंकत राहिलो. प्रवाह मला बाजूला नेत होता, ते कळलं नाही.

खांद्यावर हात पडला. मी किंचाळलो.

सलोनी होती. ती वर येऊन बराच वेळ झाला होता. माझ्या पाठीमागे, तीसेक फुटांवर. तिने हाका मारल्या होत्या. टोपीतून ऐकू येत नाही. तिच्या भाल्याला लिंगकॉड लागला होता, दोरीवर झटापट चालली होती, आणि मी वाहत चाललेला बघून तिने दोरी सोडली.

माझी पोटरी आखडली होती. तिने मला उताणा केला, हनुवटीखाली हात घातला आणि किनाऱ्यापर्यंत ओढत नेलं. वरती ढग होते. लहानपणी मीच तिला असं उताणं धरायचो, वायएमसीएच्या पूलमध्ये. ती तेव्हा सारखी विचारायची, सोडलं तर नाही ना. आज मी काही विचारलं नाही.

किनाऱ्यावर ती थरथरत होती. थंडीने नव्हे.

"तू माझ्याकडे बघत नव्हतास, बाबा."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच शिट्टी वाजवत होतो.

"आय केम अप अँड यू वेअर लुकिंग द अदर वे. मी ब्लॅकआउट झाले असते तर? तू शिट्टी वाजवत राहिला असतास."

मी काकूंकडे बघितलं. काकू माझ्या बाजूने काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी सलोनीच्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "पोरी, चूक माझी. मी जाऊ द्यायला नको होतं."

प्रवाह जोरात होता. पाणी गढूळ होतं. शिट्टी स्टँडर्ड प्रोसिजरमध्ये आहे. हे सगळं खरं आहे.

१५ जून, रविवार

आज फादर्स डे. सलोनीने पोहे केले, माझ्यापुरते जास्त शेंगदाणे घालून. कालचा विषय कोणी काढला नाही. चहा झाल्यावर ती म्हणाली की तिला माझ्याबरोबर जायला आवडतं, पण पाण्यात नको. मी किनाऱ्यावर बसावं. थर्मास घेऊन.

मी म्हटलं, मी हेच सुचवणार होतो. किनाऱ्यावरून व्ह्यू मोठा मिळतो.

"बाबा."

"काय?"

"व्हेन आय ॲम डाउन देअर आय कीप थिंकिंग अबाउट यू. अँड देन आय कान्ट होल्ड माय ब्रेथ."

तीन मिनिटं दहा सेकंद श्वास धरणारी मुलगी. मी पोह्यांचं कौतुक केलं. पुरेसं केलं का आठवत नाही.

२६ जुलै, शनिवार

किनाऱ्यावर. सहावी वेळ. काकू वर, सलोनी खाली. मी बघतो. नजर हलवत नाही. ती वर आली की अर्धं मिनिट तिच्या तोंडाकडे बघतो, इथून फक्त टोपीचा काळा ठिपका दिसतो, तरी बघतो. चहा दोनदा थंड झाला.

नऊ मिनिटांवरच्या कॉलेजला अजून अर्ज घेतात का, हे काल त्यांना फोन करून विचारलं. घेत नाहीत. नुसती माहिती असावी म्हणून विचारलं.

२० सप्टेंबर, शनिवार. सॅन डिएगो

सलोनीला होस्टेलवर सोडलं. तिसरा मजला, लिफ्ट चालू होती. बोलायचे आठ मुद्दे विमानात काढून ठेवले होते. चादर घालताना पहिला मुद्दा सुरू केला तेवढ्यात तिची रूममेट आली. मग तिचे आईवडील आले, त्यांच्याशी हवामानावर बोललो. मग डायव्ह क्लबच्या ओरिएंटेशनची वेळ झाली. सलोनीने आधी वसुधाला मिठी मारली, मग मला. म्हणाली, "बाबा, धिस क्लब इज रिअली स्ट्रिक्ट. नेहमी कोणीतरी वर असतं." मी म्हटलं, गुड. ती जिन्यावरून खाली गेली. लिफ्ट चालू असताना.

विमानाला वेळ होता म्हणून वसुधा आणि मी बीचवर गेलो. पँट वर दुमडून पाण्यात उभा राहिलो. इथलं पाणी सत्तर फॅरनहाइट, बोर्डवर लिहिलं होतं. दोन-तीन वर्षांची मुलं चड्डीवर खेळत होती. गुडघ्यापर्यंत गेलो आणि एकदम हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. वसुधा आत आली, माझ्या हाताला धरून उभी राहिली.

म्हणाली, "अरे, पाणी तर कोमट आहे."

असेल. मला गार लागलं.