दोन चमचे साखर

महादेवपुरा, बेंगळुरू
रविवार

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून पत्र लिहिते आहे.

आई जेवते अगदी थोडं, चहा मात्र आवडीनं घेते. मी पिशवी बुडवून करते तो तिला बिलकूल चालत नाही. "हे गरम पाणी तूच पी," म्हणते. तिला आलं ठेचून, लाल होईपर्यंत उकळलेलाच लागतो. तुमच्या जावयानं तसा करायला शिकून घेतलाय. समोरच्या अक्का त्यांच्या कुंडीतला गवती चहा आणून देतात. तुमचा गुडघा कसा आहे? नुसत्या चहावर गोळी घेऊ नका.

बाबा, परवा डॉक्टरांनी आईचं डायबेटिसचं पथ्य बंद केलं. मला बाहेर बोलावून म्हणाले, त्यांना हवं ते खाऊ-पिऊ द्या. पुढची किमो कधी, असं मी विचारलं, तर म्हणाले, आता नको.

तेव्हापासून तिच्या चहात दोन चमचे साखर घालते. बारा वर्षं तुम्ही साखरेचा डबा कपाटावर लपवलात, त्यावरून ती हसते. "ह्यांना कळव, मी बरी झाले," म्हणते. मला तिला खरं सांगवत नाही.

या आठवड्यातच निघा. इथं सकाळचा चहा तुम्हीच करा. फक्त साखर घालताना हात थरथरू देऊ नका, ती बघत असते.

तुमची,
वीणा