पाचवा फाऊल

लॉक्सटन,
मंगळवार, १४ मे २०२४

प्रिय जिल,

आम्ही सगळे ठीक आहोत. मर्व्हचा गुडघा मर्व्हच्या मते दुखतोय आणि डॉक्टरच्या मते दुखत नाहीये. संत्र्यांची तोडणी पुढच्या आठवड्यात सुरू होईल. थंडी पडायला लागलीय. तू आणि ग्रॅहम बरे असाल. झाली विचारपूस.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी ऐकून घेते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. हे पत्र मर्व्हच्या हातीच पाठवतेय. तो गुरुवारी तिकडे ॲडलेडला गुडघा दाखवायला येतोय. त्याला चहा दे आणि काही विचारू नकोस, त्याला यातलं खरं काही माहीत नाही.

तुझं कीलीला आलेलं पत्र मी वाचलं. तिने स्वतःच आणून दिलं. म्हणाली, "नॅन, तुझ्या बहिणीने लिहिलंय." 'जिल आजी' म्हणाली नाही, 'तुझी बहीण' म्हणाली. पंधरा वर्षांच्या नातीला पत्र लिहायचं, तर सुरुवातीला निदान 'कशी आहेस' एवढं तरी लिहावं ना! तू लिहिलंस की मुलगी कष्टाळू आहे, शिस्तीची आहे, पण हल्लीच्या बास्केटबॉलमध्ये गुण करणारीच गार्ड लागते, आणि चार सामन्यांत अकरा गुण म्हणजे फारच कमी. शिवाय घरातलीच मुलगी घेतली असं उद्या कोणी म्हणायला नको. म्हणून तू निवडतेस त्या विभागाच्या संघाच्या यादीत तिचं नाव 'सध्या' नाही. चोवीस तारखेला यादी पक्की होणार.

अकरा गुण. बरोबर आहेत, मीही मोजलेत. पण मी आणखीही काही मोजलंय, कारण चारही दिवस मी गुणफलकाच्या टेबलाशी बसले होते आणि तू समोरच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसली होतीस. तिच्या पासवर दुसऱ्यांनी केलेल्या बास्केट चौतीस. तिच्या हातून बॉल गेला पाच वेळा, चार सामन्यांत मिळून पाच. समोरच्या संघाच्या सगळ्यात चांगल्या गार्डला तिने एका सामन्यात सहा गुणांवर रोखलं. ती पोरगी शेवटी रडकुंडीला येऊन पंचांशी भांडत होती. हे कुठल्या कागदावर लिहितात? कुठल्याच नाही. कागदावर गुण लिहितात आणि फाऊल लिहितात.

तू शूटिंग गार्ड होतीस आणि मी पॉइंट गार्ड. तू विसरली असशील म्हणून सांगते, दोन्ही गार्डच, पण काम एक नव्हे. तुझं काम होतं बॉलशिवाय पळत राहायचं, उंच पोरींच्या आडोशाने सटकायचं आणि मोकळी होऊन उजव्या कोपऱ्यात उभं राहायचं. ते तुला फार सुंदर यायचं, ते नाकारत नाही. माझं काम होतं तीन जणी अंगावर धावून येत असताना बॉल पलीकडे न्यायचा, बॉलकडे न बघता, कारण बघायचं दुसरीकडे असतं. कोण दमलंय, कोण रुसलंय, कोणाला किती फाऊल झालेत, घड्याळात किती उरलंय, खेळ पळवायचा की थांबवायचा. आणि मग बॉल तुझ्या उजव्या खांद्यासमोर द्यायचा. छातीसमोर दिला की तू चुकायचीस आणि माझ्याकडे बघायचीस, जशी काही चूक माझी!

हे डॅडनी मला संत्र्यांच्या पॅकिंग शेडच्या सिमेंटवर शिकवलं. महिनाभर माझा उजवा हात पट्ट्याला सुतळीने बांधून ठेवला होता, डावा तयार व्हावा म्हणून. मी जेवतानासुद्धा डावा वापरायला लागले, तशी मम ओरडली, "केथ, पोरीला खुळी करणार आहेस का?" ते समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि मी बॉल आपटत आपटत आकडा सांगायचा. चुकलं की, "काय गं, डोळे काय शेळ्यांना दिलेस?" तू तेव्हा रिंगखाली नुसती शॉट मारत असायचीस आणि तुझा बॉल उचलून आणायलाही मीच.

कीलीला हे सगळं मी शिकवलं. सुतळीसकट. म्हणजे तुझ्या पत्रात जे 'नाही' आहे, ते तिला नाही, मला आहे. तेवढं मला कळतं.

आता मार्चमधल्या जेवणाबद्दल. क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून तुला भाषणाला बोलावलं, मोठा हॉल, गळ्यात फुलं. आणि तू माइक घेऊन काय सांगितलंस? "ब्याऐंशीच्या अंतिम सामन्यात माझ्या बहिणीला पाचवा फाऊल बसला ना, तो खरं तर माझा होता! पंचाला आम्ही दोघी सारख्याच दिसलो. मी आपली खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बिचारी ग्लेन बाहेर!" दीडशे माणसं हसली. मीही हसले. ताटलीतला पाव्हलोवा केक संपवला, तुझ्या गालाचा मुका घेतला आणि घरी आले. मर्व्ह गाडीत म्हणाला, "मस्त बोलली जिल." मी म्हणाले, "हो."

पंच चुकला नव्हता, जिल.

तू पाठीमागून त्या नऊ नंबरवालीच्या मनगटावर चापट मारलीस. शिट्टी वाजली. आपण दोघी तिच्या दोन बाजूंना, दोघी पिवळ्या गंजीत, दोघींचे केस मागे बांधलेले, दोघींचे चार चार फाऊल, पाचवा झाला की बाहेर. पंचाने आपल्या दोघींकडे पाहिलं आणि थांबला. तेव्हा नियमच होता की ज्याने फाऊल केला त्याने टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा, आणि आपल्या घरात तर तो देवाचा नियम होता. "फाऊल केलास तर हात वर, तोंड बंद." पंच हाताची वाट बघत होता. तू नाडीला हात घातलास. नाडी सुटलेली नव्हती, मी बघितलंय. आणि मी हात वर केला.

डॅडनी मला बाकावरून नजर दिली होती. तशी नजर आली की विचार करायचा नसतो. म्हणून हात वर केला.

पुढचं तुला माहीतच आहे. नऊ मिनिटं उरली होती, आपण सहा गुणांनी पुढे होतो. मी बाहेर बसले आणि बॉल पलीकडे न्यायला कोणी उरलं नाही. तू उजव्या कोपऱ्यात उभी राहून टाळ्या वाजवत होतीस, "इकडे दे, इकडे दे!" आणि बॉल तिथवर पोचतच नव्हता. आठ गुणांनी हरलो. तरी तुझे सत्तावीस झाले आणि तुला राज्याच्या संघात बोलावलं. तू सात वर्षं लाल गंजी घातलीस आणि मी शेडमध्ये संत्री निवडली.

दुपारचे अडीच वाजले. कीलीला शाळेतून आणायला जायचंय.

बुधवार, सकाळी

काल शेवटी लिहिलेलं आज वाचलं. सगळं खोडून नवीन लिहायचा विचार होता, पण मग तुला कळणार नाही की मी बेचाळीस वर्षं काय करत आलेय. म्हणून राहू देते आणि पुढे लिहिते.

डॅडनी नजरबिजर काही दिली नव्हती. ते टेबलाशी वाकून घड्याळवाल्याशी भांडत होते. शिट्टी का वाजली तेही त्यांना कळलं नव्हतं. मर्व्हला, ममला, माझ्या मुलीला, सगळ्यांना मी डॅडचं नाव सांगितलं. डॅड गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीशी उभी राहूनसुद्धा मी मनात त्यांच्यावर रागावलेली होते. त्या माणसाने काहीच केलं नव्हतं.

मी आपणहून हात वर केला. सज्जात राज्याचे निवड करणारे मिस्टर पेनहॉल बसलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते तुझ्यासाठी आलेत हे मी गृहीत धरलं होतं. सगळ्या गावाने धरलं होतं. तुला पाचवा फाऊल बसला असता तर तू बाहेर. बारा वर्षं मला एकच सवय लागली होती, तुला काय हवंय ते तू मागायच्या आधी द्यायचं. हात आपोआप गेला. चांगली गार्ड आहेस म्हणून स्वतःची पाठही थोपटली मी, बाकावर जाऊन बसेपर्यंत.

सामना संपल्यावर मी हॉलच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. मिस्टर पेनहॉल तिथे आले. टोपी हातात. म्हणाले, "चार नंबर तूच ना?"

"हो."

"मी तुला बघायला आलो होतो, मुली. दोनशे तीस किलोमीटर. शूट करणाऱ्या पोरी माझ्याकडे आहेत. बॉल आणणारी नाही. पण शेवटच्या मिनिटांत, सामना हातातून निसटत असताना तुझं डोकं थंड राहतं का, तेच बघायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच तू बाकावर. चार फाऊल असताना पाचवा करते, ती गार्ड मी कशी घेऊ?"

मी काय सांगणार होते? फाऊल माझा नव्हता म्हणून? हात तर माझाच वर गेला होता. मी म्हणाले, "सॉरी." ते म्हणाले, "वाईट वाटलं," आणि गेले. मग निदान एक तरी पोरगी न्यायची म्हणून तुला नेलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच. प्रत्येक ख्रिसमसला तू त्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगायचीस, हॉटेलं, विमानं, बसमधली गाणी, आणि मी तुला बटाटे वाढायचे. मला तुझा राग यायचा, जिल. इतका की कधीकधी ताटली हातातून सोडून द्यावीशी वाटायची. आणि तू मागितलंही नव्हतंस, म्हणून धड रागावताही यायचं नाही. तुझा गुन्हा एक नाडी. बाकीचा माझा. मार्चमध्ये तू तो माइकवरून विनोद केलास तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता रागवायला जागा झाली. मनापासून रागावलेय. बरं वाटतंय.

पण त्यात मी एक घाण केली आहे आणि ती तुला सांगायलाच हवी.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कीली माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "नॅन, मग मी आता काय करू?" मी भोपळा चिरत होते. म्हणाले, "कुणाला काही देऊ नकोस. बॉल तुझा आहे, तूच मार." गेल्या शनिवारी तिने बावीस शॉट मारले. चार गेले. ब्रॉन्टी रिंगखाली एकटी, दोन्ही हात वर करून उभी, आणि कीलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. जिला मी न बघता बघायला शिकवलं, तिने समोर असलेली मैत्रीण पाहिली नाही. तेरा गुणांनी हरल्या. गाडीत बसल्यावर ब्रॉन्टीने कीलीला एवढंच विचारलं, "मी काय केलं गं तुझं?" दोघी बालवाडीपासून एकत्र आहेत.

हे तुझं पत्र नव्हे, मी केलं. एकदा मी सगळं देऊन टाकलं आणि आता तिला काहीच न द्यायला सांगितलं. दोन्ही वेळा खेळ बघितला नाही, तुलाच बघितलं.

काल शाळेतून आणल्यावर तिला गाडीतच सगळं सांगितलं. फाऊल, हात, पेनहॉल, नळ. गाडी नदीकाठी उभी केली आणि सांगून टाकलं. वाटलं होतं, ती रडेल, गळ्यात पडेल. ती पुढच्या काचेतून बघत म्हणाली, "नॅन, पण टीम हरली ना त्यामुळे?"

"हो."

"मग तो पास वाईट होता."

कोणी मला बेचाळीस वर्षांत इतकं खरं बोललं नव्हतं. मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मग ती म्हणाली, "मला ब्रॉन्टीकडे सोड. सॉरी म्हणायचंय." सोडलं.

आता काय हवंय ते लिहिते. माझ्या हाताची भरपाई म्हणून कीलीला घेऊ नकोस. तसं केलंस तर मी स्वतः येऊन तिचं नाव खोडेन. पण शनिवारी इथे सामना आहे, अकरा वाजता, आणि तू येणार आहेस. ग्रॅहमचं गोल्फ, तुझी मीटिंग, काहीही असो. फोन गाडीत ठेवायचा. टेबलाशी माझ्या शेजारी बसायचं आणि शेवटची पाच मिनिटं बघायची, बॉलकडे नाही, तिच्याकडे. बेरी गावाच्या पोरी तगड्या आहेत, सामना अटीतटीचा होणार. मला जे दाखवता आलं नाही ते ती दाखवेल किंवा नाही दाखवणार. नाही दाखवलं तर नको घेऊस. पण मग ते पत्रातून नाही, तिच्यासमोर उभं राहून सांगायचं, आणि 'सध्या' हा शब्द न वापरता.

ती तुला विचारेल, पंचाने तुमच्या दोघींकडे पाहिलं तेव्हा तू नाडीला हात का घातलास. मी तिला विचारू नको म्हणून सांगितलेलं नाही. उत्तर तयार करून येऊ नकोस.

दर वर्षी ख्रिसमसच्या कार्डाखाली मी 'खूप प्रेम' लिहिते. इथे ते नाही. विसरले नाहीये.

ग्लेनिस